नर्सिंगला जायचंय, पण सुरुवात कुठून करू? पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनला उसंत नसते. गावाकडची नात्यातली पोरं, वॉर्डात आलेल्या पेशंटच्या मुली, शेजारच्या काकूंची भाची, सगळ्यांचे प्रश्न तेच. मी स्वतः जीएनएम केलं, मग काही वर्षं नोकरी करून पोस्ट बेसिक केलं, आणि माझ्या मावसबहिणीला सीईटी देऊन बीएस्सीला लावलं, त्यामुळे दोन्ही वाटा जवळून बघितल्यात. हे सगळं महाराष्ट्रातल्या ॲडमिशनबद्दल आहे.

ताई, एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी यात नक्की फरक काय?

एएनएम दोन वर्षांचं, मुलींसाठी, आणि त्याचा रोख गावपातळीवरच्या आरोग्यावर, म्हणजे उपकेंद्रात ज्या आरोग्य सेविका असतात, लसीकरण, गरोदर बायकांची नोंदणी, घरोघरी फिरणं, ते काम. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा, हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागायला पुरतो. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची डिग्री, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एएनएम-जीएनएमची परीक्षा विद्यापीठ घेत नाही, ती मुंबईचं महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. आणि कुठलाही कोर्स केला तरी शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय तुम्ही कायद्याने नर्स नाही, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा.

एक वाट बंद झाली की सगळं संपलं असं इथे होत नाही. एएनएम करून जीएनएम करता येतं, जीएनएम करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं आणि मग एमएस्सी. मी तशीच आले. वेळ जास्त लागला, पण मध्ये पगार चालू होता आणि धाकट्या भावाचं शिक्षण त्यावरच झालं, त्यामुळे मला त्याची खंत नाही.

माझं आर्ट्स झालंय, बीएस्सी नर्सिंग होईल का?

थेट नाही होणार. बीएस्सीला बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं, पीसीबीमध्ये ओपनला ४५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के, इंग्रजीत वेगळं पास पाहिजे. जीएनएमला मात्र कुठलीही शाखा चालते, बारावीला ४० टक्के आणि इंग्रजी विषय असला पाहिजे. एएनएमलाही आर्ट्स-कॉमर्स चालतं. तर तुमची वाट जीएनएम आणि मग पोस्ट बेसिक. आमच्या बॅचला निम्म्या मुली आर्ट्सच्या होत्या, पहिले चार महिने ॲनाटॉमीने रडवलं त्यांना, पण नंतर वॉर्डात कोण सायन्सची आणि कोण आर्ट्सची हे सांगताही आलं नसतं.

वयाची अट?

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण पाहिजेत. बीएस्सी-जीएनएमला वरची मर्यादा ३५.

मुलांनी नर्सिंग करावं का? लोक हसतात.

करावं. जीएनएम आणि बीएस्सी दोन्हीला मुलं घेतात, आणि आयसीयू, कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर, ऑर्थो, मानसिक आजारांचे वॉर्ड, इथे ब्रदर म्हणजे पुरुष नर्स नसला की आमचे हाल होतात. पण एक गोष्ट आधीच माहीत असू दे, सरकारी भरतीत मुलांच्या जागा कमी असतात, एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत तर ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असा हिशेब आहे. म्हणजे मुलांना तयारी जास्त करावी लागते. हसणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांच्या वडिलांना कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालायची वेळ आली की तेच लोक विचारतात, ब्रदर कुठायत.

नीट द्यावी लागते का?

राज्याच्या बीएस्सी नर्सिंगसाठी २०२२ पासून सीईटी सेलची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाची, वेगळी नर्सिंग सीईटी आहे. नीट लागते ती मिलिटरी नर्सिंगला, त्याबद्दल खाली लिहिलंय. एम्सची प्रवेश परीक्षा परत वेगळी.

बऱ्याच मुली नीटच्या नादात सीईटीचा फॉर्मच भरत नाहीत. जूनमध्ये नीटचा निकाल येतो, नंबर लागणार नाही हे कळतं, मग माझ्याकडे येतात आणि तोवर नर्सिंग सीईटी होऊन गेलेली असते, पूर्ण वर्ष हातातून जातं. नीट देताय तर द्या, पण हा फॉर्म भरून ठेवा. आणि मनातून डॉक्टरकीच पाहिजे असेल आणि नर्सिंगकडे "काहीच नाही मिळालं तर" असं बघत असाल, तर एकदा थांबून विचार करा, कारण चार वर्षं दुसऱ्याच्या गादीवर बसल्यासारखं वाटत राहिलं तर तुमचंही नुकसान आणि पेशंटचंही. नीटवरून आलेल्या कितीतरी मुली इतक्या सुंदर नर्स झाल्यात की विचारू नका, पण त्या सगळ्या कधीतरी मनाने पूर्ण इकडे आल्या होत्या.

सीईटी कशी असते? क्लास लावू का?

शंभर प्रश्न, शंभर मार्क, दीड तास, कॉम्प्युटरवर. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २० प्रश्न. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. पण फॉर्म भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक डाउनलोड करून स्वतः वाचायचं, मैत्रिणीने सांगितलं, क्लासवाल्याने सांगितलं, ताईने सांगितलं ह्यावर राहायचं नाही. जीएनएम-एएनएमवाल्यांनी तर नक्कीच वाचा, कारण त्यांच्या प्रवेशाचे नियम मधल्या काळात बदललेत आणि मोठ्या बहिणीच्या वेळचं आता चालत नाही.

क्लासचं म्हणाल तर बारावी सायन्सचा अभ्यास नीट केला असेल तर वेगळा हजारो रुपयांचा क्लास लागत नाही हे माझं प्रामाणिक मत. बायॉलॉजी आणि इंग्रजी हे दोन विषय पक्के करा, ४० मार्क तिथेच आहेत. माझ्या मावसबहिणीने काय केलं, रोज घड्याळ लावून नव्वद मिनिटं पेपर सोडवायचा आणि चुकलेले प्रश्न एका वहीत उतरवायचे, शेवटच्या पंधरा दिवसांत फक्त ती वही वाचली. गावात लाइट जाते म्हणून मोबाईलवर न करता झेरॉक्स काढून आणायची. फक्त परीक्षेच्या आधी दोन-तीन वेळा सायबर कॅफेत जाऊन कॉम्प्युटरवर पेपर सोडवून बघा, माउसची सवय नसली की हात थरथरतो आणि वेळ जातो.

नर्सिंग ॲप्टिट्यूड म्हणजे काय विचारतात?

थोडं तर्काचं, थोडं आरोग्याचं सामान्य ज्ञान, थोडं प्रसंग देऊन तुम्ही काय कराल असं. म्हणजे शरीराचं नॉर्मल तापमान किती, नाडी मिनिटाला किती, श्वास किती, ओआरएस कशाला, लसीकरण, प्रथमोपचार. १२ मे परिचारिका दिन का, तर फ्लोरेन्स नाइटिंगेलचा जन्म १२ मे १८२० चा.

प्रसंगाच्या प्रश्नात एक सूत्र धरा, आधी जिवाचा धोका कुणाला ते बघायचं, आणि स्वतःच्या मनाने औषध देणारं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. एका पेशंटला धाप लागलीय आणि दुसरा चादर बदला म्हणून ओरडतोय, तर पाय आधी धापेकडे. वॉर्डातही अगदी हेच करतो आम्ही, जो ओरडतोय त्याच्यात ओरडण्याइतका दम आहे, जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघायचं, हे मला माझ्या इन्चार्ज सिस्टरने पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

माझं इंग्रजी खूप कच्चं आहे, मराठी मीडियम आहे, जमेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात हळू आवाजात येतो.

जमेल. मीही मराठी मीडियमची, बार्शीकडच्या झेडपी शाळेतली. पहिल्या दिवशी मॅडम अर्धा तास बोलल्या आणि मला त्यातले "ब्लड" आणि "बोन" एवढेच शब्द कळले. रात्री हॉस्टेलच्या गॅलरीत बसून रडले आणि आईला फोन करून म्हटलं, मला परत यायचंय. आई म्हणाली, एक महिना थांब, मग ये. त्या महिन्यात मी रोज दहा शब्द करायला लागले, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मला कळेल अशा मराठीत अर्थ, आणि मग गंमत अशी लक्षात आली की मेडिकलचे शब्द तुकड्यातुकड्यांनी बनतात. "आयटिस" शेवटी आलं की सूज, "एक्टॉमी" आलं की कापून काढणं, "हेपॅ" म्हणजे लिव्हरचं, "नेफ्रो" म्हणजे किडनीचं. असे पन्नाससाठ तुकडे पाठ झाले की हजारो शब्द आपोआप उघडतात.

तर बारावीच्या सुट्टीत हेच करा. शिवाय रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचा, घरातल्या औषधाच्या पाकिटावरचं वाचा. इंग्रजी फाड-फाड बोलता आलं पाहिजे असं काही नाही, लिहिलेलं वाचून नीट कळलं पाहिजे आणि केस पेपरवर तुम्ही लिहिलेलं दुसऱ्याला कळलं पाहिजे. आणि तुमचं मराठी ही तुमची जमेची बाजू आहे हे कुणी सांगत नाही. सरकारी हॉस्पिटलात आजी म्हणते, "पोटात कालवतंय", "अंग मोडून आलंय", "छातीत कळ मारतीय", हे ज्या मुलीला लगेच कळतं ती डॉक्टरांना बरोबर सांगू शकते.

गणित लागतं का?

भागाकार-गुणाकार पक्का पाहिजे, कारण औषधाचा डोस चुकला तर माफी नाही. साधं उदाहरण बघा, ५०० एमएल सलाइन चार तासांत द्यायचंय आणि सेटमधून एका एमएलला २० थेंब पडतात, तर ५०० गुणिले २० म्हणजे दहा हजार थेंब, भागिले २४० मिनिटं, मिनिटाला साधारण ४२ थेंब. एवढंच गणित, पण रात्री तीन वाजता झोप डोळ्यांवर असताना बरोबर आलं पाहिजे. आत्तापासून कॅल्क्युलेटरशिवाय करायची सवय लावा.

कागदपत्रं कोणती? कधीपासून काढू?

अकरावीपासून. खरंच सांगते, मार्क कमी पडून जेवढ्या मुली मागे राहताना बघितल्या त्याहून जास्त एखाद्या दाखल्यापायी राहिलेल्या बघितल्या, त्यातली एक मी. माझं नॉन-क्रिमीलेअर होतं, पण त्याची मुदत प्रवेशाच्या आधी संपलेली आणि मी तारीख बघितलीच नव्हती. पहिल्या यादीत जवळच्या सरकारी शाळेत नाव आलं होतं ते गेलं, नंतर लांबची मिळाली. वडील दोन दिवस तहसीलच्या पायरीवर बसून होते, ते दृश्य मी विसरू शकत नाही, म्हणून हे उत्तर लांबलं तरी वाचा.

सगळ्यांना लागणारं: दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व म्हणजे आपण डोमिसाइल म्हणतो ते, आधार, फोटो, मेडिकल फिटनेस, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. डोमिसाइल, उत्पन्न हे आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत होतं.

आरक्षणातून येणाऱ्यांना जातीचा दाखला आणि जात वैधता दोन्ही. ह्या दोघांत गल्लत करू नका. जातीचा दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो, वैधता जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून, आणि वैधतेलाच महिने लागतात. दाखल्यासाठी जुने पुरावे मागतात, एससीला १९५० च्या आधीचे, व्हीजेएनटीला १९६१ च्या आणि ओबीसीला १९६७ च्या आधीचे, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुक, सातबारा-फेरफारातली नोंद वगैरे. हे शोधायला आजोबांच्या मूळ गावी जावं लागतं, पुण्यात बसून होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाता ना, तेव्हाच शाळेत जाऊन उतारा काढा. ओबीसी, व्हीजेएनटी, एसईबीसी यांना नॉन-क्रिमीलेअर लागतं, एससी-एसटीला लागत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला दरवर्षी नवा. आणि एम्ससारख्या केंद्राच्या ठिकाणी भरताय तर ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो, राज्याचा चालत नाही.

आता सगळ्यात फसवं, नाव. मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव तिसऱ्याच पद्धतीने. सगळे कागद एका ओळीत टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा, फरक असेल तर आत्ता दुरुस्त करा. लग्न झालेल्यांनी नाव बदललं असेल तर राजपत्र जवळ ठेवा.

अजून एक, वाट बघताना बीए-बीएस्सीला प्रवेश घेतलात आणि ओरिजिनल दाखला तिथे जमा केलात, तर ऐन राउंडमध्ये तो परत मिळवताना घाम फुटतो. माझ्या मैत्रिणीला एका कॉलेजने तिची पूर्ण वर्षाची फी भरल्याशिवाय दाखला दिला नव्हता. जिथे तिथे झेरॉक्स आणि ट्रू कॉपी द्या, ओरिजिनल शेवटपर्यंत घरच्या फाइलीत. आणि सगळं स्कॅन करून मेलवर पण टाकून ठेवा.

कॅप राउंडमध्ये कॉलेजांचा क्रम कसा लावू?

कॅप म्हणजे राज्याची एकत्रित प्रवेश प्रक्रिया, तिच्या फेऱ्या म्हणजे राउंड. क्रम लावायचा तो ज्या क्रमाने तुम्हाला खरंच पाहिजे त्याच क्रमाने, "हे मिळणार नाही" म्हणून वरचं खाली टाकू नका, वर टाकल्याने काही तोटा नसतो. मी क्रम लावताना काय बघेन ते सांगते: आधी सरकारी आणि महापालिकेची, मग ज्या कॉलेजला स्वतःचं चालतं-बोलतं हॉस्पिटल आहे ती, मग बाकीची. इमारत किती चकचकीत आहे ते शेवटी. कारण नर्सिंग वॉर्डात शिकतात. जिथे ओपीडीत रांग आहे, लेबर रूम रात्रंदिवस चालू आहे, तिथल्या मुलीचा हात तिसऱ्या वर्षाला सुईवर बसलेला असतो, आणि जिथे पेशंटच नाहीत तिथली मुलगी चौथ्या वर्षालाही पुतळ्यावरच इंजेक्शन देते. शक्य असेल तर कॉलेज बघायला जा आणि ऑफिसात न जाता गेटबाहेर चहाच्या टपरीवर तिथल्या मुलींना विचारा, पोस्टिंग म्हणजे वॉर्डातली ड्यूटी कुठे लागते, बस कॉलेजची आहे का, हॉस्टेलला पाणी येतं का.

मिळालेली सीट आवडली आणि तीच ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरतात, तो भरला की पुढच्या राउंडला तुमचं नाव जात नाही. घाईत सही करू नका, आधी घरी बोला.

एजंट म्हणतोय परराज्यात थेट ॲडमिशन, सीईटी नको, हजेरी पण नको. घेऊ का?

अजिबात नका घेऊ. नर्सिंग हा रेग्युलर कोर्स आहे, घरबसल्या, पत्राने, फक्त परीक्षेला येऊन होणारं नर्सिंग नसतं. थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, आणि डिग्री हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरून द्यावे लागतात. जो हजेरी नको म्हणतो तो तुम्हाला कागद विकतोय. परराज्यात चांगली कॉलेजं आहेत, तिथे जायला हरकत नाही, पण त्या राज्याचं कौन्सिल आणि विद्यापीठ यांची मान्यता स्वतः त्यांच्या साइटवर बघून, हजेरी लावून शिका. इथल्या कॉलेजसाठी डिग्रीला आरोग्य विद्यापीठाची आणि डिप्लोमाला मंडळाची यादी बघा, नाव नसेल तर विषय संपला.

तसंच सहा महिने, एक वर्षाचे "नर्सिंग" म्हणून बोर्ड लावलेले कोर्स. पेशंट केअर असिस्टंटचं काम चांगलंच आहे, कष्टाचं आहे, पण ते केल्यावर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही. वर्षभर पैसे भरून झाल्यावर हे कळलेल्या तीन मुली माझ्या ओळखीत आहेत, तिघींच्या घरी शेतीवर पोट आहे. त्यांना खोटं सांगून पैसे घेतले गेले आणि ह्याचा मला आजही संताप येतो.

फी झेपणार नाही, काय करू?

सरकारीत फी फार कमी असते. खासगीत कॅपमधून नंबर लागला तर योजना आहेत, पण मॅनेजमेंट किंवा इन्स्टिट्यूट कोट्यातून गेलात की बहुतेक योजना सुटतात, हे सही करायच्या आधी लक्षात घ्या. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी सवलत आहे, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला गेल्यास ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, अभिमत आणि खासगी विद्यापीठं सोडून. एससी-एसटीला भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप आहे, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. राहण्या-खाण्यासाठी एससी-नवबौद्ध मुलांना स्वाधार, आणि इतरांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघा.

हे सगळं महाडीबीटी ह्या राज्याच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर भरतात आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, तर बँकेत जाऊन आधार सीडिंग झालंय का विचारून या, नुसतं खातं असून चालत नाही. दरवर्षी रिन्यू करायचं. आणि ट्यूशन फी माफ म्हणजे हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म माफ नाही, तो खर्च घरी आधी मोजून ठेवा.

मिलिटरी नर्सिंगला कसं जायचं?

फक्त मुलींसाठी, आणि अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा असलं पाहिजे. पीसीबी आणि इंग्रजीसह बारावी, नीटचे मार्क, मग पुढची निवड आणि कडक मेडिकल. देशात सहा कॉलेजं मिळून २२० जागा, त्यातल्या पुण्याच्या एएफएमसी ह्या लष्करी मेडिकल कॉलेजात ४० आणि मुंबईत कुलाब्याला अश्विनी ह्या नौदलाच्या हॉस्पिटलात ४०. शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चाने आणि त्या बदल्यात सैन्यात अधिकारी म्हणून सेवा करायचा बॉण्ड. नीटमध्ये बऱ्यापैकी मार्क असलेल्या मुलींना हे कुणी सांगतच नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

रक्त बघितलं की चक्कर येते. मी नर्स होऊ शकते का?

बहुतेक वेळा हो. आमच्या बॅचला पहिल्या डिलिव्हरीच्या वेळी चौघी भिंतीला टेकून खाली बसल्या, त्यातली एक आज लेबर रूमची इन्चार्ज आहे. सवय होते. उपाशीपोटी जायचं नाही, पाय हलवत राहायचं, गरगरलं की लाज न बाळगता खाली बसायचं.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. पहिली दोन वर्षं तुम्ही रक्त कमी आणि बाकी सगळं जास्त बघता. बेडपॅन द्यायचं, ओली चादर बदलायची, अंग पुसायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, तोंड साफ करायचं. ज्याला ह्याची किळस नाही वाटत, किंवा वाटली तरी चेहऱ्यावर येऊ देत नाही, तो माणूस नर्स होतो. म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक काम करा, ओळखीचं कुणी ॲडमिट असेल तर एक रात्र त्याच्याजवळ थांबा. घरात आजारी आजोबा असतील तर त्यांचं सगळं एक आठवडा तुम्ही करा. नंतर स्वतःला विचारा. माझ्या मावसबहिणीला मी असंच आत्याजवळ चार रात्री ठेवलं होतं, चौथ्या दिवशी म्हणाली, ताई, आत्याला आज स्वतःहून बसवलं मी, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की हिला आता अडवायचं नाही.

घरचे म्हणतात नर्सिंग चांगलं नाही, रात्रपाळी असते, लग्न जमत नाही.

त्यांच्याशी भांडू नका, त्यांना एखादी नोकरी करणारी नर्स घरी आणून भेटवा. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनने शंभरएक वर्षांपूर्वी विधवा आणि गरीब घरच्या बायकांना नर्सिंगकडे आणलं तेव्हाही लोक हेच म्हणत होते. आमच्या पुस्तकात बाई काशीबाई गणपत यांचं नाव आहे, १८९१ साली नर्सिंगच्या ट्रेनिंगला आलेल्या पहिल्या भारतीय. विचार करा त्या बाईला घरी काय काय ऐकावं लागलं असेल. आमचे एक काका माझ्या ॲडमिशनच्या वेळी वडिलांशी बोलायचे थांबले होते, नंतर त्यांना बायपासला पुण्यात आणलं तेव्हा दहा दिवस मीच होते जवळ, निघताना म्हणाले, धाकटीला पण हेच करू दे. रात्रपाळी खरी आहे, थकवा खरा आहे, ते लपवू नका त्यांच्यापासून.

लग्न झालंय, लहान मूल आहे, घेतील का?

नियमाने अडचण नाही (मिलिटरी सोडून). अडचण हजेरीची आणि पोस्टिंगची, मुलाला सांभाळायला घरात कोण आहे ते आधी ठरवा.

मेडिकल फिटनेससाठी काय तयारी?

हिपॅटायटिस बी ची लस आत्ताच सुरू करा, तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. म्हणजे ॲडमिशन झाल्यावर सुरू केली तर पहिलं पोस्टिंग लसीशिवाय जातं. टिटॅनसचं बघा. हिमोग्लोबिन तपासा, आपल्याकडच्या मुलींचं फार कमी असतं आणि सहा-आठ तास उभं राहायचं असतं, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, भाकरी नीट खा. चष्म्याने काही अडत नाही.

पहिल्या वर्षाला काय असतं?

बीएस्सीला आता सेमिस्टर आहेत. पहिल्यात ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन, दुसऱ्यात बायोकेमिस्ट्री, न्यूट्रिशन वगैरे. बहुतेक विषयांना पासिंग ५० टक्क्यांना असतं, शाळेतलं ३५ विसरा. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही रोजच्या रोज लिहा, साठवलेलं जर्नल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जीव खातं.

पुढे नोकरीचं काय?

खासगी हॉस्पिटलात लगेच लागते पण सुरुवातीचा पगार कामाच्या मानाने कमी असतो, हे मी गोड करून सांगणार नाही. सरकारीत अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, महापालिका, एम्सची नॉरसेट परीक्षा, बीएस्सीवाल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी. नॉरसेटला जीएनएम असेल तर ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, बीएस्सीला नाही. बाहेर जायचं असेल तर अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा, ब्रिटनला इंग्रजीची परीक्षा, जर्मनीला जर्मन भाषा. जर्मनीत खरंच जायचं असेल तर भाषा दुसऱ्या वर्षापासून सुरू करा, शेवटी सुरू केलेल्यांचं वर्ष जातं.

ह्या वर्षी नाही लागला नंबर, काय करू?

जीएनएमचे राउंड अजून चालू असतील तर ते बघा, नसतील तर पुढच्या सीईटीपर्यंतचं वर्ष घरी झोपून घालवू नका. दाखले पूर्ण करा, लस घ्या, इंग्रजी करा, जमलं तर गावातल्या दवाखान्यात मदतीला जा, फक्त तिथे कुणी सांगितलं तरी इंजेक्शन द्यायचं नाही, तुमचं ट्रेनिंग झालेलं नाही.

हॉस्टेलला जाताना काय नेऊ?

सेकंद काटा असलेलं साधं घड्याळ, नाडी मोजायला लागतं, मोबाईल वॉर्डात चालत नाही. मऊ तळाचे बंद बूट, एक नंबर मोठे घ्या कारण संध्याकाळी पाय सुजतात. केसांना जाळी आणि भरपूर काळ्या पिना. चार रंगांचे पेन. छोटी खिशात बसणारी डायरी. मेणबत्तीपेक्षा चांगला टॉर्च. आणि आईने दिलेला चिवडा-लाडूचा डबा जरा मोठाच न्या, पहिल्या आठवड्यात रूममध्ये सगळ्याच रडत असतात आणि डबा उघडला की बोलायला सुरुवात होते.